थायरॉईडच्या ऑपरेशननंतर कॅल्शियम उतरेल, हे आधी कळतं का?

तुम्ही विचारलंय, की आईची अख्खी थायरॉईड जळगावला काढली, उद्या चोपड्याला घरी न्यायचंय, तर कॅल्शियम उतरणार का हे आधी कळेल का. बऱ्यापैकी कळतं. थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा ४ पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. ऑपरेशनमध्ये त्यांचा रक्तपुरवठा दुखावला की त्यांचं पीटीएच, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम टिकवून धरणारं हार्मोन, घटतं. ते रक्तात काही मिनिटंच टिकतं, म्हणून ऑपरेशननंतर काही तासांतच केलेली पीटीएचची तपासणी खूप काही सांगून जाते. ते मिलिलिटरमागे साधारण १५ पिकोग्रॅमच्या खाली आलं तर धोका जास्त. कॅल्शियम मात्र सावकाश उतरतं, बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तळ गाठतं. त्यामुळे पहिल्या दिवशीच्या चांगल्या रिपोर्टवर विसंबून निघू नका. पीटीएच केलंय का, हे डॉक्टरांना आजच विचारा. ड जीवनसत्त्व आधीच कमी असेल तर जोखीम वाढते, तेही सांगा.

घरी गेल्यावर ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, हातपाय आखडले, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. केळी देऊन वाट बघू नका, आपल्या केळीत कॅल्शियम नगण्यच. आणि हो, थायरॉक्सिनची (थायरॉईड हार्मोनची) गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत ४ तासांचं अंतर ठेवा.