फिरायला गेलो आणि तिथेही भांडलो

“एवढे पैसे घालून गेलो आणि तिथेही भांडलोच. आमचं आता काही खरं नाही.” उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपल्या की ठाण्याला नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. कुणी काश्मीरहून आलेलं असतं, कुणी युरोपहून. त्यात नवी लग्नं असतात, तशी नातवंडं असलेलीही. म्हणून एका जोडप्याची गोष्ट सांगते. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

मोहनरावांचं आयुष्य रबाळ्याच्या कारखान्यात गेलेलं, सुनीताताई निवृत्त शिक्षिका. मुलगा बंगळुरूला. दोघांनी नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे जाणारी बोट घेतली. टपाल आणि माल पोचवण्यासाठी १८९३ मध्ये सुरू झालेली ही सेवा. बर्गनपासून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत ३४ बंदरं घेत बोट जाते, रात्री-अपरात्रीही थांबते, गावची माणसं चढतात-उतरतात. मोहनरावांनी सगळं आधीच वाचून ठेवलं होतं.

“मी म्हणायचे, अहो, तो डोंगर बघा. की लगेच हे त्याची उंची सांगायचे.”

“मग काय सांगायचं होतं?”

“काहीच नाही. नुसतं बघायचं होतं.”

‘अहो, बघा ना’ ही माहितीची मागणी नसते, जवळ येऊन उभं राहण्याचं बोलावणं असतं. आणि मोहनरावांचं माहिती सांगणं हीसुद्धा जवळ येण्याचीच त्यांची रीत होती. मी हे समजावलं, दोघांना पटलं, आणि घरी काहीही बदललं नाही. नुसतं पटून माणसं बदलत नाहीत.

खरं भांडण पुढचं होतं. जूनमध्ये ट्रॉम्सोच्या पुढे सूर्य मावळतच नाही. केबिनचे पडदे ओढले तरी फटीतून ऊन येत होतं. सुनीताताईंना झोप लागेना, म्हणून जाकीट चढवून त्या वर डेकवर गेल्या. रात्री दोनला मोहनरावांना जाग आली. शोधत शोधत ते वर पोचले आणि चार परक्या माणसांसमोर ओरडले, “अक्कल आहे का तुला?” तिथून ठाण्याला पोचेपर्यंत कामापुरतंच बोलणं.

बरीच सत्रं आम्ही त्या एका ओरडण्याभोवती फिरत होतो. सुनीताताईंच्या मते अपमान, मोहनरावांच्या मते बेजबाबदारपणा. मग मी मोहनरावांना म्हटलं, “पलंग रिकामा दिसला, तिथपासून ताई दिसेपर्यंत काय काय केलंत ते क्रमाने सांगा.”

कारखान्यातला माणूस, क्रमाने सांगू लागले. आधी बाथरूम बघितलं. मग जिना, कॅफेटेरिया. मग मागचा डेक. तिथे कुणीच नव्हतं.

“मग?”

“कठड्यापाशी गेलो. खाली बघितलं.”

चष्मा काढून ते बराच वेळ पुसत राहिले. “पाणी किती थंड असतं ते मला माहीत होतं ना. सगळं वाचलं होतं.”

सुनीताताई त्यांच्याकडे वळल्या. “मला वाटलं तुम्ही चिडलात.”

“चिडलोच होतो.”

“नाही. घाबरला होतात.”

जत्रेत हरवलेलं पोर सापडलं की आई आधी धपाटा घालते, मग पोटाशी धरते. मोहनरावांचा धपाटा घालून झाला होता, पोटाशी धरायचं राहून गेलं होतं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “एवढं काय बघत होतीस गं?” परत आल्यापासून हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. त्या सांगू लागल्या: धक्क्यावर फोर्कलिफ्ट खोकी उतरवत होती, एक मुलगी सायकल घेऊन उतरली आणि लख्ख उन्हात, रात्री दोनला, चढावरून घरी निघाली. बंदराचं नाव मोहनरावांना नक्की माहीत असणार. त्यांनी ते सांगितलं नाही, ऐकत राहिले.

‘तेव्हा काय वाटलं’ असं मी मुद्दाम विचारलं नव्हतं. ‘राग आला’ एवढंच उत्तर आलं असतं. या पिढीतल्या पुरुषांना भावना विचारली की ते अवघडतात, घडलेलं विचारलं की भावना आपसूक वर येते. इतक्या वर्षांच्या कामातून मला हे हाती लागलंय आणि त्याचं मोल मला वाटतं. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बींनी आईपासून दुरावलेल्या मुलांच्या भीतीबद्दल आणि रागाबद्दल जे मांडलं, ते साठीतल्या नवरा-बायकोलाही लागू पडतं, असं मी मानते. बऱ्याच आरडाओरड्याच्या तळाशी ‘तू आहेस ना?’ हा प्रश्न असतो.

तेव्हा प्रवासात भांडलात म्हणजे संसार संपला, असं समजू नका. घरी कामवाली बाई, पेपर, तलावपाळीवरची मंडळी, संध्याकाळच्या मालिका दिवस वाटून घेतात. केबिनमध्ये उरता फक्त दोघं, आणि वर्षानुवर्षं बाजूला सारलेलं सगळं पुढ्यात येतं. जाण्याआधीच ठरवा की कुणाला कधी एकटं राहायचंय. बाहेर पडताना उशीपाशी चिठ्ठी ठेवा. भांडण झालंच, तर कोण बरोबर ते नंतर बघा. आधी त्या तासाभरात काय काय घडलं ते एकाने क्रमाने सांगायचं आणि दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. मग अदलाबदल.

पण जिथे हात उगारला जातो किंवा रोजच पाणउतारा होतो, तिथे हे लागू करू नका. ‘घाबरलो म्हणून ओरडलो’ ही सबब तिथे चालवून घ्यायची नाही. अशा वेळी समुपदेशकाकडे जोडीने जाऊ नका, आधी एकट्याने जाऊन भेटा.