'आखाड तळणे' : महिना तळतात तो कसा?

प्रश्न असा आला आहे : नोकरीनिमित्त विदर्भातून कोल्हापुरात राहायला आलेल्या एका वाचकाला शेजारच्या वहिनींनी विचारलं, "आखाड तळलासा का?" पुऱ्या तळतात, भजी तळतात, पण महिना कसा तळतात? ही बोलण्यातली चूक आहे का? लिहिताना 'आषाढ तळणे' लिहायचं का? आणि रंकाळा तलावावर पावसात उभं राहून भजी खाल्ली तर आखाड तळल्यासारखं होतं का?

चूक तर नाहीच. आखाड म्हणजे आषाढ महिना, आणि त्या महिन्यात घरी ठरलेलं तळण करायची कोल्हापूरकडे रीत आहे. मराठी वाक्यरचना किती लवचीक आहे हे दाखवणारा हा फार सुरेख प्रयोग आहे.

वहिनींनी 'आखाडात तळलासा का' असं विचारलेलं नाही. तसं विचारलं असतं तर आखाड हा फक्त काळ झाला असता आणि काय तळलं ते वेगळं सांगावं लागलं असतं. 'आखाड तळला' या वाक्यात आखाड हे कर्म आहे. "आईनं पुऱ्या तळल्या", "आईनं वडा तळला", तसंच "आईनं आखाड तळला". कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं. आखाड पुल्लिंगी एकवचनी, म्हणून 'तळला'. परडीभर कापण्या, डबाभर पुऱ्या नि वर गुलगुले केले तरी क्रियापद 'तळला' असंच राहतं, कारण ते पदार्थांकडे बघतच नाही. त्या महिन्यात करायचं म्हणून जे सगळं तळण ठरलेलं आहे, त्या सगळ्याला मिळून 'आखाड' हे नाव पडलं आहे. जुन्या साहित्यशास्त्रात याला लक्षणा म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ बाजूला राहतो आणि त्याच्याशी जोडलेला अर्थ पुढे येतो.

कोल्हापूरकडे हे एकटंदुकटं उदाहरण नाही. नवरात्राच्या आधी घरातल्या गोधड्या, वाकळा, चादरी, भांडीकुंडी बाहेर काढून धुतात, भिंती झाडतात, त्याला 'दसरा काढणे' म्हणतात. पंचगंगेच्या घाटावर गोधड्यांचे ढीग दिसले की कुणी सांगायला नको, दसरा निघालाय. पितृपक्षात 'म्हाळ घालतात', तिथे म्हाळ म्हणजे महालय. सण किंवा महिना हेच नाव, आणि त्याच्यापुढे त्या दिवसांतल्या मुख्य कामाचं क्रियापद. दसरा काढायचा, म्हाळ घालायचा, आखाड तळायचा. तीन शब्दांत अख्ख्या घराचं वेळापत्रक येतं. मला या तिघांतला आखाड सगळ्यात आवडतो, कारण बाकीच्या दोन क्रियापदांना वास नाही.

आता आषाढाचा आखाड कसा झाला ते. पौर्णिमेच्या सुमाराला चंद्र पूर्वाषाढा किंवा उत्तराषाढा नक्षत्राजवळ असतो, म्हणून महिना आषाढ. बोलीत 'ष' चा 'ख' होणं फार जुनं आहे. विषाचं विख झालं, औषधाचं ओखद झालं, उत्तरेत वर्षेची बरखा झाली. म्हणजे आषाढाचा आधी 'आखाढ' होणार. पण एका शब्दात ख, ढ, भ असे दोन महाप्राण, म्हणजे 'ह' मिसळलेले वर्ण, आले की मराठी बहुतेक वेळा त्यातला दुसरा हलका करते. भुखेची भूक झाली, भिखेची भीक झाली, तसा आखाढाचा आखाड. त्यामुळे हा शब्द अशुद्ध म्हणून टाकून देण्यासारखा नाही. तो रीतसर ध्वनिबदलातून आलेला शब्द आहे.

लिहिताना काय करावं? पंचांगातला महिना सांगायचा असेल तर आषाढ. प्रथा सांगायची असेल तर आखाड. 'आषाढ तळणे' हल्ली छापील मजकुरात दिसतं, ते व्याकरणाला सोडून नाही, पण चुलीपुढून आलेला शब्द मुद्दाम संस्कृत करण्यात मला तरी काही हशील दिसत नाही.

तळतात काय, हे सांगितल्याशिवाय या शब्दाचा अर्थ पुरा होत नाही. मुख्य मान कापण्यांचा. गूळ पाण्यात विरघळवून ते पाणी गाळून घ्यायचं. गव्हाच्या पिठात थोडं डाळीचं पीठ, वेलदोडा किंवा सुंठ, चिमूटभर मीठ आणि कडकडीत तेलाचं मोहन घालून गुळाच्या पाण्यानं घट्ट मळायचं. जाडसर पोळी लाटून वर खसखस पसरायची आणि पुन्हा एकदा लाटणं फिरवायचं, म्हणजे खसखस पिठात रुतते आणि तेलात सांडत नाही. मग शंकरपाळ्यासारखे तिरके काप. कापतात म्हणून कापण्या, इतकं साधं नाव. आच मंद ठेवावी लागते. गुळामुळे रंग झटकन चढतो आणि आत कच्चं राहतं. पहिला घाणा नैवेद्याला काढायचा. जोडीला तिखटमिठाच्या पुऱ्या, ओवा-तीळ घातलेल्या. हे दोन्ही पदार्थ चार दिवस टिकतात. रोपलावणीच्या दिवसांत रानात न्यायला आणि लेकीकडे डबा पाठवायला ते सोयीचे पडतात.

याच महिन्यात मंगळवारी आणि शुक्रवारी कोल्हापुरातल्या पेठांतून पंचगंगेचं नवं पाणी टेंबलाईला, म्हणजे त्र्यंबोलीदेवीला, वाहायला नेतात. पी-ढबाक हे इथलं वाद्य वाजत असतं, पोरीबाळींच्या डोक्यावर कलश असतात. आखाड तळायचा तो देवीच्या नैवेद्यासाठीही. त्यामुळे या शब्दाला नुसत्या चवीचा अर्थ नाही, नेमाचा आहे. पुढे श्रावण लागला की नागपंचमीला पुष्कळ घरी तवा-कढई चढत नाही. चिरायचं नाही, भाजायचं नाही, तळायचं नाही. त्या दिवशी पुरणाची दिंडं उकडतात. आखाडात तळण आणि पंचमीला उकड, ही आमच्याकडच्या स्वयंपाकाची जुनी वाटणी आहे.

राहता राहिली भजी. रंकाळ्यावर वारा अंगावर घेत कांदाभजी आणि मिठात घोळलेली तळलेली मिरची खावी, त्यासारखं सुख नाही, आणि झाऱ्यातून निथळणारा घाणा बघत पाळीची वाट बघणं हेही त्यातच आलं. पण त्याला कुणी आखाड तळणं म्हणत नाही. विकतच्या तळणाला हा शब्द लागत नाही. कढई घरची हवी, नैवेद्य निघायला हवा आणि दिव्यांच्या आवसेच्या आत व्हायला हवं. घरी कापण्या करताना उरलेल्या तेलात चार भजी सोडली, तर तीही आखाडातच धरतात. श्रावण लागल्यावर त्याच कापण्या, त्याच कढईत, त्याच हातांनी केल्या तर मात्र सांगताना "कापण्या तळल्या" एवढंच म्हणतात.