त्सो करला निघण्याआधी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

भिगवणला होडीतून पट्टकादंब टिपायची तुला सवय आहे. तिथे हिवाळ्यात पक्षी बिचकला तर उडून पलीकडच्या काठाला बसतो. जूनमध्ये लडाखला, त्सो कर सरोवराकाठी, तोच पक्षी घरट्याला बांधलेला असतो, म्हणून भिगवणची सवय तिथे चालायची नाही.

लेह ३,५०० मीटरवर, त्सो कर ४,५०० च्याही वर. विरळ हवेची सवय व्हायला लेहमध्ये निदान तीन रात्री काढ, मगच वर जा.

खाऱ्या त्सो करपेक्षा दक्षिणेकडच्या गोड्या स्टार्तसापुक त्सोवर जास्त वेळ दे. तुरेवाली मोठी टिबुकली तिथे वीण घालते. घरटं म्हणजे ओल्या पाणवनस्पतींचा तरंगता ढीग. पक्षी आपणहून उठला तर चोचीने ओला पाला अंड्यांवर ओढतो आणि मगच पाण्यात उतरतो. घाबरला तर न झाकताच बुडी मारतो, आणि वर अंडी खाणारे कुरव पक्षी टपलेलेच असतात. अंडी उघडी दिसली की एकही फोटो न काढता मागे फिर.

काळ्या मानेच्या क्रौंचाची अंडी एक किंवा दोनच, उबायला महिनाभर लागतो. दोनशे मीटरच्या आत जाऊ नकोस. बसलेल्या पक्ष्याची मान ताठ झाली की तू फार जवळ आलीस. तो उठेपर्यंत थांबू नकोस.

गाडी मळलेल्या वाटेवरच ठेव आणि आतूनच फोटो काढ. इंजिन आणि हीटर बंद करून काचा पंधरा मिनिटं आधी उघड, नाहीतर खिडकीतून निघणाऱ्या उबदार हवेने फोटो धूसर येतात. लेन्स टेकवायची बीनबॅग रिकामी ने, लेहमध्ये दोन किलो तांदूळ भर. उजाडल्यापासून आठपर्यंतचाच वेळ खरा. नंतर जमीन तापते, हवा थरथरते, आणि ६०० मिमीची महागडी लेन्ससुद्धा काही करू शकत नाही. पांढऱ्या मिठापुढे कॅमेरा चित्र काळवंडतो, मानेची पिसं नुसता डाग होतात. एक्स्पोजर +०.७ पासून सुरू कर, पण हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, उजव्या कडेला चिकटू देऊ नकोस. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेव.

आणि डब्यातलं उरलेलं अन्न तिथे टाकू नकोस. तंबूंभोवतीची भटकी कुत्री त्यावर पोसतात आणि पुढे क्रौंचाची अंडी-पिल्लं खातात. सगळा कचरा पिशवीत बांधून लेहला परत आण.