शेवरले 350 आणि ओल्डस्मोबिल 350 ही एकच इंजिनं आहेत का? एकाचे पार्ट दुसऱ्याला बसतात का?

नाही, आणि बसत नाहीत. 350 हा फक्त इंजिनाच्या आकारमानाचा घन इंचांतला आकडा, साधारण 5.7 लिटर. जनरल मोटर्सच्या चार विभागांनी आपापलं 350 स्वतंत्र घडवलं: शेवरलेने 1967 च्या मॉडेलसाठी, ब्यूक, ओल्डस्मोबिल आणि पाँटियाकने 1968 साठी. शेवरलेचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 4 इंच, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) 3.48. ओल्ड्सचा 4.057 आणि 3.385. ब्यूकचा स्ट्रोक तर बोअरपेक्षा मोठा. पाँटियाकचं मोजलं तर 354 च्या आसपास भरतं.

मिशिगनमध्ये माझ्याकडे 1972 ची ओल्डस्मोबिल कटलस होती. इनटेक मॅनिफोल्डखालून (सिलिंडरांना हवा-पेट्रोल पोचवणारा इंजिनावरचा भाग) तेल गळायला लागलं, म्हणून मी तो उतरवला. पार्टच्या दुकानात वर्ष, मॉडेल, ओल्ड्स 350, सगळं नीट सांगितलं, तरी काउंटरवरच्या माणसाने शेवरलेचा गॅस्केट (सांध्यातली गळती रोखणाऱ्या पट्ट्या) सेट पुढे केला. सोबत साडू होते. ते म्हणाले, "अहो, 350 म्हणजे 350. घ्या आणि चला." मी घेतला नाही. शेवरलेला दोन्ही हेडसाठी (सिलिंडरांवरची झाकणं) दोन सुट्या पट्ट्या लागतात. ओल्ड्सला पत्र्याचं एकच रुंद गॅस्केट लागतं; एका हेडपासून दुसऱ्या हेडपर्यंत जाऊन ते मधले लिफ्टर (व्हॉल्व्ह उघडायला लावणारे भाग) पूर्ण झाकतं. त्या दोन पट्ट्यांनी काय झाकणार होतो?

साडू अजूनही कुणाकडे पूजेला भेटले की हाच विषय काढतात: कंपनी एक, आकडा एक, मग फरक कसला? फरक नसता तर 1977 मध्ये ओल्डस्मोबिल डेल्टा 88 घेतलेले लोक शेवरलेचं 350 निघालं म्हणून भडकले कशाला असते? इलिनॉय राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने (राज्याचा मुख्य सरकारी वकील) जनरल मोटर्सवर खटला भरला आणि कंपनीला गिऱ्हाइकांना भरपाई देऊ करावी लागली. हा इतिहास आहे, माझा हट्ट नव्हे. त्यांनी एकदा तो वाचावा.

तुमच्यासाठी एवढंच, की काहीच जुळत नाही असंही नाही. क्वाड्राजेट कार्बोरेटर चौघांकडेही असायचा. गिअरबॉक्स बसवायच्या बोल्टची भोकं ब्यूक, ओल्ड्स आणि पाँटियाकची आपसांत जुळतात, शेवरलेची वेगळी. आणि गाडी 1977 किंवा नंतरची असेल तर बिल्ल्यावर जाऊ नका, बॉनेट उघडा. तेल भरायची नळी इंजिनाच्या पुढच्या बाजूला उभी असेल तर ते ओल्ड्स. डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) पुढे असेल तर ब्यूक.