पोटगी थकली, लेकीला तोंड कसं दाखवू?

प्रश्न : वकीलताई, मी ४१ वर्षांचा. भांडुपला आईबरोबर भाड्याच्या खोलीत राहतो. नऊ वर्षांची मुलगी तिच्या आईकडे, चेंबूरला असते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली कोर्टाने मुलीला महिना ११,००० पोटगी लावली तेव्हा माझा पगार ३८,००० होता. निकालाच्या दिवशीच मागच्या १४ महिन्यांचे १,५४,००० अंगावर आले, ते कर्ज काढून भरले. नंतर कंपनीचं कंत्राट गेलं. आता गोदामात २१,००० वर आहे. भाडं ९,०००, कर्जाचा हप्ता ५,०००. सात महिने पोटगी भरलेली नाही. दप्तर, रेनकोट, सहलीचे पैसे मात्र देतो. आता वॉरंट काढू म्हणतात. लाजेने रविवारी भेटायला जाणंही सोडलं. मी बुडवा बाप आहे का?

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्राच्या पाठीमागेच मी हिशेब मांडला. भाडं आणि हप्ता गेला की उरतात ७,०००, भरायचे ११,०००. मायलेक महिनाभर उपाशी राहिलात तरी ४,००० कमीच. तेव्हा बुडवा नाही म्हणणार. (पगार रोखीत घेऊन शपथपत्रात ‘बेकार’ लिहिणारे महाभागही माझ्याकडे येतात. त्यांना मी चहाही विचारत नाही.)

पण नोकरी गेली हे तुम्ही कोर्टाला सांगितलंच नाहीत, इथे चुकलात. पगार घसरला म्हणून हुकूम आपोआप खाली येत नाही. आज तुमच्या नावावर ७७,००० चढलेत, पुढच्या महिन्यात ८८,००० होतील.

त्या १४ महिन्यांचा राग मात्र सोडा. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलंय. केस रेंगाळली तरी मुलगी त्या काळात जेवतच होती ना? पण एकरकमी बोजा पडतो आणि माणूस तिथूनच घसरायला लागतो, हे मी खूपदा पाहिलंय.

आता दप्तराचं. माझा एक अशील, टेम्पोवाला, वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात खिशातली डायरी घेऊन उभा राहिला. दप्तर ६५०, सँडल ४००, केक ५५०, पानंच्या पानं. न्यायाधीशांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “यातली पोटगी कुठल्या महिन्याची?” तो डायरीच चाळत राहिला. म्हणून सांगते, ३,००० जमले तर ३,००० भरा, पण मुलीच्या आईच्या बँक खात्यात आणि महिन्याचं नाव लिहून. हातात रोख नको.

रक्कम कमी करण्याचा अर्ज पूर्वी त्याच जुन्या संहितेच्या कलम १२७ खाली व्हायचा. १ जुलै २०२४ पासून तो तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली होतो. जुनी-नवी पगारपत्रकं, काम सुटल्याचं पत्र, भाडेकरार, बँकेचे उतारे जोडा. फॅमिली कोर्टात पक्षकार स्वतः उभा राहू शकतो, वकिलासाठी अडून बसू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलाचीही चौकशी करा. अर्ज केला म्हणून मागचे ७७,००० पुसले जात नाहीत, त्यांचे हप्ते मागा. तुरुंगात गेलं की फिटतं, असं कट्ट्यावर कुणी सांगितलं असेल तर तेही खोटं. सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्येच सांगितलंय, कैद भोगली तरी बाकी उभीच राहते.

आणि रविवार का सोडलात? पोटगी वेगळी, भेट वेगळी. पैसे थकले म्हणून भेट आपोआप रद्द होत नाही, आणि भेटू देत नाहीत म्हणून पोटगी थांबवताही येत नाही. या रविवारी चेंबूरला जा. आधी मुलीच्या आईला फोन करून नवा पगार किती, तो आकडा स्वतः सांगा. वकिलाच्या नोटिशीतून कळण्यापेक्षा ते बरं.