हातात नोकरी असताना बी.कॉम. करून पुढे उत्पन्नात खरोखर फरक पडतो का?

तुमच्या धाकट्या भावाला बारावीनंतर बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या जी.आय.डी.सी.त (औद्योगिक वसाहतीत) महिना 14,000 रुपयांची नोकरी लागली आहे आणि ती सोडून बी.कॉम.ला तीन वर्षे घालवणे परवडेल का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर असे की पदवीने उत्पन्नात फरक पडतो आणि चांगलाच पडतो. मात्र तो पहिल्या पाच-सहा वर्षांत दिसत नाही, आणि घरातली हिशेबी माणसे नेमकी तेवढीच वर्षे मोजतात.

1991 साली माझे वडील गेले तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. तेरावे आटोपल्यावर दांडिया बाजारातल्या आमच्या घरी काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचे सरलेल्या महिन्याचे पान फाडले आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर माझ्या शिक्षणाचा हिशेब मांडला. एका कारखान्यात महिना 900 रुपयांची जागा त्यांनी माझ्यासाठी बोलून ठेवली होती. तीन वर्षांचे 32,400 रुपये झाले. त्या काळी मुदत ठेवीवर 12 टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे, म्हणजे रक्कम साधारण सहा वर्षांत दुप्पट. काकांनी एकाखाली एक आकडे लिहिले: 2000 साली 64,800, 2006 साली 1,29,600, 2012 साली 2,59,200 आणि 2018 साली 5,18,400. शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा ओढून ते म्हणाले, “कॉलेजात बसून तू एवढ्यावर पाणी सोडतो आहेस.”

आईने त्या कागदाकडे पाहिलेही नाही. सयाजीराव महाराजांनी 1906 साली सबंध बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होऊ लागला, तेव्हा तिची आजी शाळेत गेली होती. “माझ्या आजीला दंडाच्या धाकाने का होईना, शाळेत घातलं, माझ्या मुलाला मी शिक्षणातून काढणार नाही,” एवढेच ती बोलली. मी युनिव्हर्सिटीत कॉमर्सला प्रवेश घेतला. त्या कारखान्यातली जागा काकांच्या मुलाने घेतली. तो माझ्याच वयाचा होता आणि गणितात माझ्यापेक्षा पुष्कळ हुशार होता, हे मुद्दाम सांगतो.

1994 साली मला एका पेढीत हिशेबनीस म्हणून 1,400 रुपये मिळू लागले, तेव्हा त्याला 1,600 मिळत होते. दिवाळीला सगळे एकत्र जमलो की काका ते दोन्ही आकडे मोठ्याने सांगत. ही स्थिती सहा वर्षे टिकली. त्यानंतर मी नोकरी बदलली, विक्रीकर आणि आयकराची विवरणपत्रे भरण्याचे काम माझ्याकडे आले, आणि पगार दर दोन-तीन वर्षांनी टप्प्याने वाढू लागला. त्याचा पगार महागाईबरोबर वाढत राहिला, पण जागा तीच राहिली. 2007 साली त्याच्या कारखान्यात सुपरवायझरची जागा निघाली. नव्या मुलांना यंत्रावर तोच शिकवीत असे. तरीही पदवी किंवा डिप्लोमा नसल्याने त्याचा अर्ज विचारातच घेतला नाही, आणि त्यानेच शिकवलेला एक मुलगा त्याच्यावर साहेब म्हणून आला. त्या रात्री तो आमच्या ओट्यावर बराच वेळ बसून होता, आणि काकांनी त्याला एका शब्दानेही काही विचारले नाही.

अर्थशास्त्रज्ञ मायकल स्पेन्स यांनी 1973 साली मांडले की पदवी कौशल्य देते की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला तरी, समोरच्या अनोळखी माणसाची पात्रता ओळखायची खूण म्हणून मालक तिचा उपयोग करतो. माझ्या त्या चुलत भावाजवळ कौशल्य होते, खूण नव्हती.

2018 साली काकांचा शेवटचा आकडा मी पुन्हा तपासला. त्या वर्षी माझ्या हाती महिना 46,000 येत होते आणि भावाच्या हाती 21,000. म्हणजे 25,000 च्या त्या फरकातून काकांचे 5,18,400 रुपये 21 महिन्यांत भरून निघतात. शिवाय 12 टक्के व्याज काही टिकले नाही. 2003-04 पर्यंत ते निम्म्यावर आले होते. आणि पगारातली पै न पै शिल्लक टाकणारा अठरा वर्षांचा मुलगा मी अजून पाहिलेला नाही. काकांचे गुणाकार बरोबर होते, पण दोघांचे पगार सारख्याच गतीने वाढतील हे त्यांनी गृहीत धरले होते, आणि ते चुकीचे होते हे मी त्यांना कधीच समोर बसून सांगू शकलो नाही.

तुमच्या भावाने नोकरी सोडण्याची गरज नाही. इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) किंवा अहमदाबादचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ यांच्यामार्फत नोकरी सांभाळून बी.कॉम. होते, पहिल्या वर्षापासून टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर) आणि जी.एस.टी.चे काम मात्र हाताने शिकायला हवे. हेही लक्षात ठेवा की आपल्या देशात पदवीधरांमधील बेरोजगारीचे प्रमाण कमी शिकलेल्यांपेक्षा जास्त आहे, आणि वर्ग न भरणाऱ्या कॉलेजच्या पदवीपेक्षा आय.टी.आय.चा चांगला ट्रेड अधिक कमावून देऊ शकतो. माझी फी वर्षाला काही शे रुपये होती. कर्ज काढून खाजगी कॉलेजात लाखो रुपये भरायचे असतील, तर त्या कॉलेजातून गेल्या तीन वर्षांत बाहेर पडलेल्या दहा मुलांना आधी भेटा, त्यांचा आजचा पगार विचारा आणि मगच फॉर्म भरा.