सव्वा महिना आणि डोळ्याची तारीख

दादा, तुमचं सगळं वाचलं. ३१ आठवड्याला डिलिव्हरी, मुलगा १४२० ग्रामचा, नांदेडला काचेत ठेवलाय, आज आठवा दिवस आणि वजन वाढायचं सोडून १३०० वर आलंय, घरी आई म्हणतात सातमाशी आहे म्हणजे जगतंय काळजी करू नको, आणि तुम्ही विचारताय की आमच्या हातात नेमकं काय आहे. माझी पोरगी ३० आठवड्याची, १२५० ग्रामची. आता दुसरीत आहे, पुढचे दोन दात पडलेत म्हणून सध्या साखरेला फाखर म्हणते. म्हणून जरा हक्कानं लिहिते.

आधी वजनाचं. अशा लेकरांचं पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत वजन उतरतं, अंगातलं पाणी कमी होतं, आणि दोनेक आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं. तुमचे १२० ग्राम त्यातच बसतात. आमचे मालक रोज रात्री सिस्टरला वजन विचारून बियाणाच्या दुकानानं दिलेल्या छोट्या डायरीत लिहायचे, पाच ग्राम कमी झाले की त्या रात्री डबा तसाच परत. शेवटी सिस्टरच वैतागून म्हणाल्या, अहो पाच ग्राम म्हणजे तिची एक शू आहे, जेवून घ्या. आणि ते सातव्यातलं जगतं आठव्यातलं जगत नाही हे आपल्याकडं सगळेच म्हणतात पण ते खरं नाही, पोटात जेवढे दिवस जास्त तेवढं लेकरू पक्कं, इतकंच.

हातात काय आहे तर दूध. वहिनींना सांगा दर दोन-तीन तासांनी हातानं पिळायचं, रात्रीसुद्धा, दिवसातून आठ-दहा वेळा, आलं नाही तरी. मी चपलांच्या रॅकशेजारी भिंतीकडं तोंड करून पदराखाली स्टीलची वाटी धरून बसायचे, पहिल्या दिवशी वाटीचा तळ पण झाकला नाही, पिवळा चिकट चीक होता, लाजच वाटली ते आत द्यायला. सिस्टरनं सिरिंजमध्ये ओढून घेतलं, दोन मिली भरलं, म्हणाली बाई तिच्या पोटाचं माप एवढंच आहे, बरोबर आणलंस. चीक फेकू नका, कोणी काही म्हणू द्या. आता नळीनं देतील, चोखून गिळून श्वास घ्यायचं एकत्र जमायला ३४ आठवडे तरी होऊ द्यावे लागतात, मधल्या काळात बोंडल्यानं पाजायला शिकवतील. बाटली नको, घुटी तर अजिबात नको.

दुसरं, डॉक्टर हो म्हणाले की उघड्या छातीवर घ्यायचं, कांगारू म्हणतात त्याला (ऑस्ट्रेलियाचं वाटतं पण सुरू झालं कोलंबियात, १९७८ ला, तिथं काचेच्या पेट्या कमी पडत होत्या म्हणून). हे काम तुम्हीपण करू शकता दादा, शर्टाची बटणं काढून बसायचं. लाजू नका.

आता ज्यासाठी मी एवढं टाइप करत बसले ते. डोळे.

आमचे पैसे संपत आले होते, सोयाबीन आधीच मोडलं होतं, म्हणून डॉक्टरांना गळ घालून २७ व्या दिवशी पोरीला घरी आणलं. कार्डावर खाली कोपऱ्यात डोळे तपासणी आणि तीन दिवसानंतरची तारीख लिहिलेली. सासूबाई म्हणाल्या सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतीण आणि लेकरू वेशीबाहेर जात नाही, आणि डोळ्याला झालंय काय, टुकूटुकू बघतंय की. खरंच बघत होती. मीपण गप्प बसले, थंडीचे दिवस, मलाही गाडीची भीती वाटत होती, सगळा दोष त्यांच्यावर टाकत नाही. पुढं आशाताई घरी आल्या, कार्ड उलटंपालटं करून वाचलं आणि दारातच ओरडल्या, ही तारीख गेली की ओ!

३६ व्या दिवशी गाडी करून परभणीहून तेव्हाच्या औरंगाबादला. थेंब टाकून बाहुली मोठी करतात, पापण्यांत बारीक तारेची क्लिप लावतात, डॉक्टर डोक्यावरच्या लाइटनं आत बघतात, लेकरू खूप रडतं पण काम दहा मिनिटांचं आहे. निघालं काय तर आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढत होत्या, दोन्ही डोळ्यांत. ह्या लेकरांच्या पडद्याची वाढ पोटात पूर्ण झालेली नसते, त्यात ऑक्सिजनचा परिणाम, आणि बाहेरून काही म्हणजे काहीच दिसत नाही. दुसऱ्याच दिवशी लेझर केलं. डॉक्टर म्हणाले अजून आठ दिवस लावले असते तर पडदा सुटला असता. आता चष्मा आहे, नंबर मोठा आहे, पण फळ्यावरचं वाचते.

म्हणून दादा, २००० ग्रामच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आधीचं लेकरू असेल तर ३० व्या दिवसाच्या आत पहिली तपासणी व्हायलाच पाहिजे, अजून लवकर जन्मलेल्यांची दोन-तीन आठवड्यांतच. तुमच्याकडं बावीस दिवस आहेत. आणि गंमत बघा, ही तारीख बरोबर आपल्या सव्वा महिन्याच्या आत पडते, त्यामुळंच चुकते. एकदा बघून भागत नाही, वाहिन्या काठापर्यंत पोचेस्तोवर आठ-पंधरा दिवसांनी परत बोलावतात. घरी टॉर्च मारून कळत नाही, तो उद्योग करू नका.

बाकी, कानाची तपासणी पण मागून घ्या. लसी जन्मतारखेप्रमाणेच, पण मान कधी धरेल बसेल कधी हे मोजताना नऊ आठवडे वजा करायचे, नाहीतर शेजारच्या पोराशी तुलना करून वहिनी रडत बसतील. पैशाचं अवघड होत असेल तर सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी लेकराला उपचार, औषधं, न्यायला-आणायला गाडी हे सगळं फुकट आहे, विचारायला कमीपणा नाही.

उद्या राऊंडला एवढंच विचारा, डोळ्याचे डॉक्टर इथंच काचेपाशी येऊन बघतात का आम्हाला न्यावं लागेल, आणि तारीख कोणती. आणि आईंना आत्ताच फोन करून सांगून ठेवा, ऐनवेळी दारात वाद नको. आमच्या सासूबाई पहिल्या वेळी तीन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी, दुसऱ्या तपासणीला मात्र पोरीला टोपरं घालून, दुपट्यात गुंडाळून माझ्याआधी गाडीत जाऊन बसल्या होत्या.